आर्वीहून नागपूरला निघालेली रक्ताची नळी

गवळाऊ गाईचा माज पकडणं अवघड आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या तालुक्यांत ही पांढरी-करडी, उंच पायांची, लांबट तोंडाची गाय दिवसभर गायक्याबरोबर रानात असते आणि दिवेलागणीला कोठ्यात परतते. संकरित जर्सी गाय माजावर आली की हंबरून अख्ख्या गल्लीला कळवते. गवळाऊचा माज थोड्या तासांचा, बरेचदा रात्रीचा आणि पुष्कळदा मुका असतो. सकाळी धार काढताना कोणाच्या लक्षात येईपर्यंत रेतनाची वेळ निघून गेलेली असते. मग पुन्हा एकवीस दिवस थांबायचं. पहिलं वेतच जिथं चौथ्या वर्षाच्या आसपास येतं, तिथं असे तीन-चार माज हुकले की गोपालकाचं वर्ष बुडतं.

म्हणून रक्त तपासतात. गाय माजाच्या चक्रात आहे की नाही, रेतन योग्य वेळी झालं का, एकविसाव्या दिवशी ती गाभण असण्याची शक्यता किती, भ्रूण प्रत्यारोपणासाठी निवडलेल्या गाईचं शरीर तयार आहे का, या सगळ्या प्रश्नांना एका संप्रेरकाचा आकडा बरंच उत्तर देतो. ते संप्रेरक म्हणजे प्रोजेस्टेरॉन. देशी वंशांच्या जतनासाठी डिसेंबर २०१४ पासून राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू आहे, कारंजा तालुक्यात हेटीकुंडीचं गवळाऊ पैदास क्षेत्र आहे, आणि नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. म्हणजे गाय आहे, तिच्याबद्दलची आस्था आहे आणि तपासणारे हातही आहेत. गाईची मान आणि प्रयोगशाळेचं टेबल यांच्यामधल्या वाटेवर रक्ताचं काय होतं, याकडे मात्र फार कमी लक्ष जातं. हा लेख त्या वाटेबद्दल आहे.

आधी आकड्याचा अर्थ समजून घेऊ. माज संपल्यावर काही तासांनी बीजांडकोशातून बीज सुटतं आणि त्याच जागी पीतपिंड तयार होतो. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन बनवतो. माजाच्या दिवशी गाईच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन मिलिलिटरमागे अर्ध्या नॅनोग्रॅमच्याही खाली असतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते चढू लागतं आणि दहाव्या ते सोळाव्या दिवसांच्या दरम्यान तीन-चारपासून सात-आठ नॅनोग्रॅमपर्यंत पोचतं. गर्भ नसेल तर सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटतं, पीतपिंड विरतो, आकडा एक-दोन दिवसांत कोसळतो आणि गाय पुन्हा माजावर येते. गर्भ असेल तर पीतपिंड टिकतो आणि आकडा वरच राहतो. व्यवहारात एक नॅनोग्रॅम ही सीमारेषा धरतात. वर असेल तर पीतपिंड काम करतोय, खाली असेल तर नाही. रेतनानंतर एकविसाव्या दिवशी आकडा खाली असेल तर गाय गाभण नाही, हे जवळजवळ खात्रीनं सांगता येतं. वर असेल तर बहुधा गाभण आहे, पण पुढं तपासून खात्री करावी लागते.

एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतक्या सूक्ष्म मोजमापावर गाईचा निकाल लागतो, आणि सीमारेषेच्या या बाजूचा आकडा त्या बाजूला जायला फार काही घडावं लागत नाही.

आता नळीकडे वळू. शिरेतून बाहेर काढलेलं रक्त मेलेलं नसतं. त्यातल्या तांबड्या पेशी पुढचे कित्येक तास आपलं काम करत राहतात. त्या ग्लुकोज जाळतात, त्यातून ऊर्जा मिळवतात आणि आपल्यापाशी असलेली विकरं, म्हणजे एन्झाइम, चालू ठेवतात. गाईच्या तांबड्या पेशींत असं एक विकर असतं की ते प्रोजेस्टेरॉनच्या रेणूतल्या विसाव्या कार्बनपाशी हायड्रोजन चढवतं. रेणूचा सांगाडा तसाच राहतो, पण ते प्रोजेस्टेरॉन उरत नाही. तपासणीच्या किटमधलं प्रतिद्रव्य प्रोजेस्टेरॉनच्या नेमक्या आकाराला चिकटण्यासाठी घडवलेलं असतं, त्यामुळं हा बदललेला रेणू त्याला फारसा ओळखता येत नाही. गाईच्या शरीरात हा बदल जाणवत नाही, कारण पीतपिंड सतत नवं प्रोजेस्टेरॉन ओतत असतो. नळीत मात्र आवक बंद झालेली असते आणि खर्च चालूच असतो.

हे प्रत्येक जनावरात सारखं घडत नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाय, घोडा, कुत्रा आणि डुक्कर यांचं रक्त न विलगता ठेवून पाहिलं होतं. गाईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन घटत गेलं, बाकीच्यांचं जवळपास तसंच राहिलं. माणसाच्या रक्ताच्या तपासणीत हात बसलेल्या तंत्रज्ञाला नेमकं हेच माहीत नसतं. बाईच्या रक्ताची नळी दुपारभर टेबलावर राहिली तरी प्रोजेस्टेरॉनच्या आकड्याचं फार बिघडत नाही, म्हणून गाईच्या नळीलाही तोच नियम लावला जातो. चूक त्याच्या हलगर्जीपणाची नसते, तर त्याला मिळालेल्या शिक्षणात गाय नव्हती इतकीच असते.

आपल्या देशी गाईंचं काय? वशिंडाच्या गाईंबद्दल मला माहीत असलेलं नेटकं काम मेक्सिकोतलं आहे. तिथं पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या गीर गाईंचं रक्त घेऊन संशोधकांनी रक्त गोठू न देणारं द्रव्य, वेळ आणि तापमान या तिन्हींचा परिणाम तपासला आणि १९९१ साली ‘थेरिओजेनॉलॉजी’ या नियतकालिकात छापला. त्यातही चित्र तेच होतं. रक्त जितकं ऊबदार राहील आणि प्लाझ्मा वेगळा करायला जितका उशीर होईल, तितकं प्रोजेस्टेरॉन हातचं जातं. थंडीत ही झीज मंदावते, पण पूर्ण थांबत नाही.

तापमानाचा मुद्दा वर्ध्यात फार गंभीर आहे. परदेशी पुस्तिकांमध्ये खोलीचं तापमान वीस ते पंचवीस अंश धरलेलं असतं, आणि तिथल्या वेळेच्या मर्यादा त्या हिशेबानं लिहिलेल्या असतात. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढं जातो. दवाखान्याच्या पत्र्याच्या खोलीत चाळीस अंश सहज असतात आणि उन्हात उभ्या मोटरसायकलच्या डिकीत त्याहूनही जास्त. गाईच्या शरीराचं तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास असतं. म्हणजे त्या दुपारी नळी शिरेतून बाहेर आली तरी पेशींच्या दृष्टीनं ती गाईच्या पोटातच आहे. विकराला हवी तितकी ऊब मिळत राहते.

हिशेब करून पाहू. समजा रेतनानंतर एकविसाव्या दिवशी एका गाईच्या रक्तात खरं प्रोजेस्टेरॉन चार नॅनोग्रॅम आहे, म्हणजे ती बहुधा गाभण आहे. सकाळी नऊला आर्वीजवळच्या एखाद्या गावात रक्त काढलं. दिवसभर दौरा झाला, नळी पिशवीत राहिली, संध्याकाळी दवाखान्याच्या खिडकीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला गेली. दर सहा तासांना प्रोजेस्टेरॉन निम्मं होतं असं धरलं, तर दुपारी तीनला दोन उरलं, रात्री नऊला एक आणि पहाटे तीनला अर्धा. नागपूरच्या प्रयोगशाळेत यंत्र उत्तम आहे, किट ताजं आहे, काम करणारी व्यक्ती काटेकोर आहे. तिथून बाहेर पडणारा आकडा नळीत त्या क्षणी जे आहे त्याचाच असतो. अहवालात फार तर ०.५ लिहिलं जातं.

पुढचा भाग मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. ०.५ वाचून पशुवैद्य म्हणणार की गाय खाली आहे, म्हणजे गाभण नाही. गाय उलटली असणार आणि माज मुका गेला असणार. मग एक तर तिच्यात पुन्हा रेतन होईल, किंवा तिला माजावर आणण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं जाईल. ती गाभण असेल तर ते इंजेक्शन पीतपिंड विरघळवतं आणि गर्भ पडतो. कोणाच्याच हे लक्षात येत नाही, कारण इतक्या लहान गर्भाचं पडणं दिसत नाही. काही दिवसांनी गाय माजावर येते आणि सगळ्यांना वाटतं की अहवाल बरोबरच होता. बिघडलेल्या नमुन्यातून आलेली ही चूक स्वतःलाच खरी ठरवून दाखवते.

मग रक्त घ्यायचं कसं? सुरुवात जनावर बांधण्यापासून. खोडा असेल तर उत्तम, नाही तर मोरकी धरून मान थोडी वर आणि बाजूला. मानेच्या खोबणीत अंगठ्यानं शीर दाबली की ती फुगून वर येते. तिथली किंवा शेपटीच्या मुळाशी असलेली शीर, दोन्ही चालतात. पण एका गाईचे नमुने अनेक दिवस घ्यायचे असतील तर जागा एकच ठेवावी. सुई अठरा गेजची असावी. बारीक सुईतून जोरानं ओढलेल्या रक्तातल्या पेशी सुईच्या तोंडाशीच चिरडतात. सिरिंजमधून नळीत भरताना सुई काढून टाकावी आणि रक्त नळीच्या भिंतीवरून सावकाश सोडावं. नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करावी, हलवून घुसळू नये.

नळी कोणती? लाल बुचाची साधी नळी घेतली तर रक्त गोठू द्यावं लागतं आणि वर येणारं सीरम घ्यावं लागतं. गोठायला अर्धा ते एक तास जातो, आणि तो तासभर पेशी आणि संप्रेरक एकत्र ऊबेत असतात. बर्फात ठेवलं तर गोठणंच लांबतं. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. त्यामुळं गाईच्या प्रोजेस्टेरॉनसाठी हिरव्या बुचाची हेपारिनची किंवा जांभळ्या बुचाची ईडीटीएची नळी घेऊन प्लाझ्मा वेगळा करणं हेच मला बरं वाटतं. नळी खुणेपर्यंत भरावी. अर्धवट भरली तर औषधाचं प्रमाण रक्ताच्या मानानं दुप्पट होतं.

ईडीटीएबद्दल एक बारकावा आहे. ते धातूंचे आयन धरून ठेवतं. काही किटमध्ये खूण म्हणून अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर वापरतात आणि त्याला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं. ईडीटीएनं ते ओढून घेतलं की खुणेची चमक कमी होते. प्रोजेस्टेरॉनच्या बहुतेक चाचण्या स्पर्धेच्या तत्त्वावर चालतात, म्हणजे नमुन्यातलं संप्रेरक जितकं जास्त, तितकी चमक कमी. त्यामुळं इथं नमुना उलट्या दिशेनं फसवतो आणि आकडा खोटा वर जातो. किटच्या माहितीपत्रकात कोणती नळी चालेल ते लिहिलेलं असतं. नळी विकत घेण्याआधी ते वाचावं. पिवळ्या बुचाच्या जेलच्या नळ्या आता सगळीकडे मिळतात आणि त्या सोयीच्याही आहेत, पण प्रोजेस्टेरॉनसारखी चरबीत विरघळणारी संप्रेरकं त्या जेलमध्ये हळूहळू शोषली जातात. नमुना जेलवर दिवसभर राहणार असेल तर ती नळी टाळावी.

आता बर्फ. रक्त नळीत आलं की पहिल्या मिनिटापासून ते गार करायचं आहे. लसीचा थंड डबा प्रत्येक दवाखान्यात असतो आणि तो या कामाला योग्य आहे. पण आइस पॅकच्या मधल्या नुसत्या हवेत नळी हळूहळू गार होते. बर्फ आणि पाणी एकत्र असलेल्या डब्यात उभी केली तर झटक्यात होते. उलट, डीप फ्रीजरमधून नुकत्याच काढलेल्या आइस पॅकला नळी टेकली तर तिथलं रक्त गोठून बर्फ होतं, आणि बर्फाचे स्फटिक तांबड्या पेशी फोडतात. मग सेंट्रिफ्यूजमधून पिवळ्याऐवजी लालसर प्लाझ्मा येतो. लस वाहणाऱ्यांना हे ठाऊक असतं. ते आइस पॅक बाहेर ठेवून त्याला पाणी सुटू देतात आणि मगच डब्यात घालतात. रक्तालाही तेच करावं आणि नळ्या कापडात किंवा स्टँडमध्ये उभ्या ठेवाव्यात. याच कारणासाठी रेतनाच्या कांड्यांच्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत रक्ताची नळी सोडण्याचा विचार मनात येऊ देऊ नये. तिथं उणे १९६ अंश असतात.

गारवा झीज मंद करतो. थांबवतो तो सेंट्रिफ्यूज, कारण तोच पेशींना प्लाझ्मापासून दूर करतो. माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्ताची नळी उभी ठेवली की पेशी आपोआप खाली बसतात आणि वर पिवळा थर दिसू लागतो. गाईच्या रक्ताचं तसं नाही. तिच्या पेशी लहान असतात, एकमेकींना चिकटून नाण्यांसारख्या चवडी करत नाहीत, त्यामुळं तासभर ठेवलं तरी जवळजवळ हलत नाहीत. म्हणून नळी रात्रभर ठेवून वरचं पाणी घेऊ, हा मार्ग गाईत उपयोगाचा नाही. फिरवणं आवश्यकच आहे. साधारण दीड हजार जी (गुरुत्वाकर्षणाच्या दीड हजार पट) इतक्या बलानं दहा-पंधरा मिनिटं फिरवलं की पुरतं. लहान यंत्रांवर फेरे लिहिलेले असतात, बल नाही. यंत्राच्या मध्यापासून नळीच्या तळापर्यंतचं अंतर पंधरा सेंटिमीटर असेल तर मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना सुमारे दीड हजार जी मिळतात. अंतर दहा सेंटिमीटर असेल तर त्याच फेऱ्यांना हजारच मिळतात. एकदा मोजपट्टी लावून हे काढून यंत्रावर चिकटवून ठेवावं.

माझं ठाम मत सांगतो. संप्रेरकांच्या तपासणीसाठी पैसा आला की तो आधी मोठ्या यंत्राकडे जातो. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात तो आधी प्रत्येक तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात एक छोटा, इन्व्हर्टरवर चालणारा सेंट्रिफ्यूज आणि एक साधा फ्रीजर ठेवण्यावर खर्च व्हावा. आष्टीच्या गावातली नळी दीड-दोन तासांत बर्फात तालुक्याला आली आणि तिथंच फिरवून प्लाझ्मा वेगळा झाला, तर पुढं नागपूरला परवा पोचली तरी फार बिघडत नाही. पेशींपासून सुटलेल्या प्लाझ्मातलं प्रोजेस्टेरॉन चिवट असतं. फ्रिजमध्ये ते काही दिवस टिकतं, उणे वीस अंशांवर महिनोन्‌महिने. घाई पहिल्या दोन तासांची आहे आणि तीच आज सर्वांत ढिली आहे. तोवर जिथं सेंट्रिफ्यूज नसेल तिथं जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा खासगी पॅथॉलॉजीच्या यंत्रावर दहा मिनिटं मागून घ्यायला संकोच करू नये.

प्लाझ्मा काढताना पिपेटचं टोक पेशींच्या थराच्या जरा वरच ठेवावं. शेवटच्या थेंबाचा मोह धरला की पेशी वर येतात. एकाच नळीत सगळा भरण्यापेक्षा दोन छोट्या नळ्यांत विभागावा. वीज जाते, फ्रीजर वितळतो, पुन्हा गोठतो. प्रोजेस्टेरॉन एवढं सोसतं, पण प्रथिनांची बनलेली संप्रेरकं दर वेळी थोडी झिजतात. दुसरी नळी वेगळ्या ठिकाणी असली की एकदा तरी पुन्हा तपासता येतं.

आणि नाव. बर्फाच्या पाण्यात शाई पुसली जाते आणि चिकटपट्टी सुटते. पाण्यानं न पुसणाऱ्या पेननं गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक थेट नळीवर लिहावा, बुचावर नाही. बुचं बदलली जातात. सोबतच्या कागदावर तारीख, रेतनाचा दिवस, रक्त काढल्याची वेळ आणि प्लाझ्मा वेगळा केल्याची वेळ लिहावी. या शेवटच्या दोन वेळांसाठी आपल्या अर्जांत रकाने असायलाच हवेत. त्यांच्याशिवाय ०.५ हा आकडा वाचणाऱ्याला तो गाईचा आहे की उशिराचा, हे कळायला मार्ग नाही.

प्रोजेस्टेरॉन सोडून इतर संप्रेरकांचे स्वभाव निराळे आहेत. थायरॉइडची टी-३, टी-४ सोशीक आहेत, त्यांची फारशी चिंता नको. कॉर्टिसॉलसुद्धा नळीत बऱ्यापैकी टिकतं. त्याचं बिघडतं ते सुई टोचण्याआधी. जनावर घाबरलं की काही मिनिटांतच रक्तातलं कॉर्टिसॉल चढू लागतं आणि पाव ते अर्ध्या तासात शिखराला पोचतं. रानातून आलेली, अनोळखी माणसाला हुंगणारी गवळाऊ गाय चौघांनी धरून, पाडून, वीस मिनिटांच्या झटापटीनंतर तिचं रक्त घेतलं, तर आपण झटापटच मोजली. शंकरपटात धावून आलेल्या बैलाचा ताण मोजायचा म्हटलं तरी हाच पेच आहे. धावण्याचा ताण किती आणि नंतर धरण्याचा किती, हे एका नळीतून सुटं करता येत नाही. उपाय म्हणजे जनावराला आधीचे काही दिवस हाताची, खोड्याची सवय करणं आणि धरल्यापासून एक-दोन मिनिटांत रक्त घेणं. नाही तर शेणातले कॉर्टिसॉलचे अवशेष तपासावेत. गाईत ते अवशेष सुमारे दहा-बारा तासांपूर्वीची स्थिती सांगतात, आणि शेण घ्यायला गाईला हातही लावावा लागत नाही.

एलएच हे बीज सोडवणारं संप्रेरक ठोक्याठोक्यानं सुटतं आणि त्याची मोठी लाट काही तासांतच ओसरते. त्यामुळं दिवसातला एक नमुना त्याबद्दल काहीच सांगत नाही. शिरेत नळी बसवून दर पंधरा मिनिटांनी कित्येक तास रक्त घ्यावं लागतं, आणि ते प्रयोगशाळेचंच काम आहे. इन्सुलिन पेशी फुटल्या की बिघडतं, कारण तांबड्या पेशींतून त्याला तोडणारं विकर बाहेर पडतं. लालसर प्लाझ्मातला इन्सुलिनचा आकडा वाचू नये. कॉर्टिसॉल सुटायला लावणारं एसीटीएच तर काचेला चिकटतं आणि रक्तातली विकरं त्याला झपाट्यानं तोडतात. त्यासाठी प्लास्टिकची ईडीटीएची नळी, बर्फ आणि थंड सेंट्रिफ्यूज लागतो. गावपातळीवर त्याच्या वाटेला जाऊ नये हेच बरं.

प्रोजेस्टेरॉनसाठी मात्र रक्त टाळून जाणारी एक वाट आहे, दुधाची. वर्ध्याला गाईच्या दुधाची जुनी परंपरा आहे. १९४१ साली इथं गोसेवा संघ उभा राहिला, ११ फेब्रुवारी १९४२ रोजी निधन होईपर्यंतचे शेवटचे महिने जमनालाल बजाजांनी गोपुरीत त्याच कामाला दिले, आणि गाईचं दूध विकणारं गोरस भांडार वर्धेकरांच्या रोजच्या ओळखीचं आहे. दुभत्या गाईच्या दुधात प्रोजेस्टेरॉन रक्तासारखंच चढतं-उतरतं. दुधात तांबड्या पेशी नसल्यानं रक्तातली ती झीज तिथं होत नाही, आणि धार काढणाऱ्याला सुईची गरज नसते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि अन्न व कृषी संघटना (एफएओ) यांनी विकसनशील देशांत प्रोजेस्टेरॉन मोजण्याचे जे कार्यक्रम चालवले, त्यांत दुधाच्या नमुन्यांना म्हणूनच मोठं स्थान होतं.

अडचणी इथंही आहेत. प्रोजेस्टेरॉन स्निग्धांशात विरघळतं. पहिल्या धारेत स्निग्धांश कमी आणि शेवटच्या धारांत जास्त, त्यामुळं एकदा पहिल्या धारेचं आणि एकदा शेवटच्या धारेचं दूध घेतलं तर आकड्यांतला फरक गाईचा नसून सायीचा असतो. दर वेळी धारेचा एकच टप्पा ठरवून घ्यावा. उन्हात दूध नासू नये म्हणून सोडियम अझाइडची गोळी घालतात. किरणोत्सर्गी खुणेच्या चाचणीत ती चालते. पण हल्लीच्या बऱ्याच एलायझा किटमध्ये खुणेसाठी पेरॉक्सिडेज नावाचं विकर असतं आणि अझाइड त्यालाच निकामी करतं. चमक जाते, आकडा खोटा वर चढतो आणि खाली असलेली गाय गाभण ठरते. म्हणून नमुना घेण्याआधी प्रयोगशाळेला विचारावं की किट कोणतं वापरणार.

किटचा आणखी एक प्रश्न आहे. प्रोजेस्टेरॉनचा रेणू बाईचा आणि गाईचा एकच. त्यामुळं माणसांसाठी बनलेलं किट गाईवर वापरता येतं, मात्र गाईच्या प्लाझ्मावर ते तपासून घेतलेलं हवं, कारण त्यातली प्रथिनं वेगळी असतात. एलएच किंवा प्रोलॅक्टिन ही प्रथिनं असल्यानं प्रत्येक जातीत त्यांची घडण वेगळी असते आणि तिथं माणसाचं किट भरवशाचं नाही. एककाकडेही पाहावं. काही अहवाल नॅनोमोलमध्ये येतात. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ३.१८ नॅनोमोल प्रति लिटर. अहवालात नुसतं २ दिसलं आणि ते नॅनोमोल असेल, तर ते सीमारेषेच्या वर नाही, खाली आहे.

राहिला प्रश्न आपल्या स्वतःच्या वाटेवर नेमकी किती झीज होते याचा. इतर देशांतले आकडे त्यांच्या हवेचे, त्यांच्या गाईंचे आणि त्यांच्या रस्त्यांचे आहेत. आपला आकडा आपणच काढायला हवा आणि ते अवघड नाही. माजानंतर दहा ते चौदा दिवस झालेल्या पाच-सहा गाई घ्याव्यात, म्हणजे प्रोजेस्टेरॉन भरपूर असेल. प्रत्येकीचं चाळीसेक मिलिलिटर रक्त एकाच वेळी काढून सहा नळ्यांत वाटावं. पहिली नळी लगेच बर्फाच्या पाण्यात घालून वीस मिनिटांत फिरवावी. ही आपली कसोटी. दुसरी आणि तिसरी थंड डब्यात ठेवून दोन आणि सहा तासांनी फिरवाव्यात. चौथी आणि पाचवी पिशवीत, रोजच्या दौऱ्यावर जशा राहतात तशाच ठेवून दोन आणि सहा तासांनी फिरवाव्यात. सहावी दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळे प्लाझ्मा गोठवून एकाच दिवशी, एकाच किटवर तपासावेत. नाही तर किटमधला फरक झिजेत मिसळेल. मग पहिल्या नळीचा आकडा शंभर धरून बाकीच्यांची टक्केवारी मांडावी.

हे एकदा मे महिन्यात करावं आणि एकदा डिसेंबरात. गवळाऊबरोबर संकरित गाई आणि नागपुरी म्हशींचाही एक गट घेतला तर फार उत्तम, कारण एका जनावराची टक्केवारी दुसऱ्याला आंधळेपणानं लावता येत नाही. हा तक्ता हाती आला की कोणत्या गावाहून किती वाजेपर्यंत नमुने घ्यायचे, कोणत्या महिन्यात दुपारचे नमुने बंद ठेवायचे आणि किती तासांनंतर आलेली नळी तपासायला न घेता परत मागवायची, हे त्या तालुक्याला स्वतःच्याच आकड्यांवरून ठरवता येईल.